धूळ, गूळ आणि आरोग्यसंस्कृती

(कारखान्यांतील व्यवस्थापक, पर्यवेक्षक, कामगार कार्यकर्ते आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



ओतशाळा असो, दगडफोडीचे काम असो वा सिमेंटची गोदी असो, जिथे धूळ आहे अशा अनेक ठिकाणी आपल्याकडे एक जुनी रीत आढळते. पाळी संपली की कामगाराच्या हातावर गुळाचा खडा ठेवला जातो. दिवसभर नाकातोंडात गेलेली धूळ गुळाने धुऊन निघते, अशी त्यामागील समजूत. देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो आणि घेणाराही तो खडा आपुलकीची खूण म्हणूनच तोंडात टाकतो. परंतु गूळ अन्ननलिकेतून जठरात जातो आणि धूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात. या दोन वाटा कंठापाशी वेगळ्या होतात व पुढे कोठेही एकमेकींना भेटत नाहीत. घशाला लागलेली खरखर गुळाने थोडी कमी होत असेल. फुप्फुसाच्या तळाशी पोहोचलेल्या कणाला त्याचा स्पर्शही होत नाही.

या रीतीतून एक गोष्ट मात्र स्पष्ट होते. मालकाला धूळ दिसली होती. ती माणसाला बाधते, हेही त्याला उमगले होते. म्हणजे अज्ञानाचा बचाव इथे लागू पडत नाही. धूळ शोषून घेणारे यंत्र महाग होते आणि गूळ स्वस्त होता, एवढाच तो हिशेब. आजच्या कारखान्यांत गुळाची जागा दूधभत्त्याने, वार्षिक आरोग्य शिबिराने किंवा भिंतीवरील फलकाने घेतली असेल. पण हिशेब तोच राहिला असेल, तर त्या कंपनीत आरोग्यसंस्कृती आली असे म्हणता येणार नाही.

अपघात दिसतो, आजार दिसत नाही

कारखान्यात कोणाचे बोट यंत्रात सापडले तर रक्त दिसते, यंत्र थांबते, चौकशी होते, निरीक्षक येतो. व्यवसायजन्य आजाराचे तसे नाही. तो आवाज न करता येतो आणि बहुधा कामगार निवृत्त होऊन घरी बसल्यावर ओळख देतो. कारखान्याच्या नोंदवहीत त्याचे नाव नसते. त्याची नोंद असते ती घरातल्या औषधांच्या डब्यात.

कोल्हापूर परिसरातील शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींनी ओतकामात मोठे नाव कमावले आहे. ओतकामात वाळू लागते, आणि वाळू म्हणजे मुख्यत्वे सिलिका. साच्यातून गरम ओतीव फोडून बाहेर काढताना आणि नंतर घासून साफ करताना, म्हणजेच 'फेटलिंग'च्या कामात, या सिलिकेचा सूक्ष्म चुरा हवेत उडतो. डोळ्यांत जाणारी, कपड्यांवर बसणारी जाड धूळ त्रासदायक खरी, पण ती बहुतांशी नाकात आणि घशात अडते. खरा धोका दहा मायक्रॉनपेक्षाही बारीक कणांचा. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून त्या कणांची कल्पना यावी. ते फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत जातात, तिथे व्रण तयार करतात, आणि फुप्फुसाचा तो भाग हळूहळू कडक होतो. यालाच सिलिकोसिस म्हणतात. झालेली हानी भरून काढणारे औषध आजही उपलब्ध नाही. कामगाराने ते काम सोडल्यावरही आजार पुढे सरकू शकतो. शिवाय सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयाची बाधा लवकर होते. त्यामुळे शेजारीपाजारी आणि पुष्कळदा डॉक्टरही 'टीबी झाला' एवढेच म्हणतात आणि धुळीचा उल्लेख कागदावर येतच नाही.

तोंडाला रुमाल बांधून हे कण अडत नाहीत, हे इथे सांगितले पाहिजे. रुमालाच्या विणीतील छिद्रे त्या कणांपेक्षा कितीतरी मोठी असतात. तरीही आपल्याकडील असंख्य कामगारांचे संरक्षण म्हणजे रुमाल, आणि त्या रुमालावर विश्वास.

आवाजाची गोष्ट याहून फसवी आहे. प्रेस शॉप, फोर्जिंग, यंत्रमाग यांच्या आवाजाने कानाच्या आतील संवेदनशील पेशी झिजतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. ही घट प्रथम चार हजार हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांत होते. म्हणून माणसाला बोलणे ऐकू येते, पण 'स', 'श', 'फ' यांसारखी व्यंजने निसटतात. सून काय म्हणाली ते नीट कळत नाही, नातवाचा बारीक आवाज पोहोचत नाही, दूरदर्शन संचाचा आवाज वाढत जातो. घरातली माणसे म्हणतात, आजोबा हल्ली चिडचिडे झाले आहेत, कोणाशी बोलत नाहीत. पंचवीस वर्षांच्या पाळ्यांचा तो हिशेब आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी नव्वद डेसिबल ही मर्यादा घालण्यात आली. वरकरणी ब्याण्णव-त्र्याण्णव म्हणजे थोडेसेच जास्त वाटते. पण डेसिबलचे माप वेगळे आहे. तीन डेसिबल वाढले की ध्वनिऊर्जा दुप्पट होते.

आणि 'आठ तास' हे शब्द इथे सहज आलेले नाहीत. धुळीच्या, वायूच्या, आवाजाच्या बहुतेक मर्यादा आठ तासांची पाळी गृहीत धरून आखलेल्या असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कामाच्या तासांचा प्रश्न धसास लावला आणि १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. या निर्णयाकडे विश्रांतीचा हक्क म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी की, तासांच्या मर्यादेबरोबर शरीरात जाणाऱ्या विषाच्या मात्रेलाही मर्यादा पडते. जादा पाळीचे दुप्पट वेतन घेणारा तरुण कामगार दुप्पट धूळही घेत असतो. वेतनपत्रकावर त्यातील एकच आकडा छापला जातो.

गिरणगावातला सोमवार

आजार आधी ओळखता येत नाही, असे अनेक व्यवस्थापक सांगतात. मुंबईच्या गिरण्यांचा अनुभव याच्या उलट आहे.

कापूस पिंजण्याच्या आणि कार्डिंगच्या खात्यांत कापसाची बारीक धूळ असते. त्या धुळीने होणाऱ्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची एक विलक्षण खूण आहे. साप्ताहिक सुटी संपवून कामगार परत आला की पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते, दम लागतो; आठवडा पुढे सरकतो तसा त्रास कमी होतो; आणि पुढच्या सुटीनंतर तो पुन्हा उमटतो. बहुतेकांची सुटी रविवारी, म्हणून त्रासाचा दिवस सोमवार. अनेक वर्षे हे असेच चालले, तर मग सगळे दिवस सोमवारसारखे होतात आणि फुप्फुसाची हानी कायमची ठरते. आरंभीच्या टप्प्यात त्या माणसाला धुळीतून बाजूला काढले तर तो सुधारतो.

ही रविवारची सुटी गिरणी कामगारांना सहज मिळाली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. नियतीचा योग पाहा; त्या एका दिवसाच्या विश्रांतीमुळेच आजार उघडा पडू लागला. सुटी नसती, तर सोमवारची छाती वेगळी ओळखू आली नसती.

आता विचार असा करावयाचा की, एखाद्या मुकादमाने सोमवारी सकाळी आपल्या खात्यातील प्रत्येकाला 'छाती कशी आहे?' एवढेच विचारले असते आणि उत्तर वहीत लिहून ठेवले असते, तर किती जणांची फुप्फुसे वाचली असती? त्यासाठी क्ष-किरण यंत्र लागत नव्हते. तो प्रश्न विचारण्याची पद्धत लागत होती. पण सोमवारी दम लागलेल्या माणसाबद्दल गिरणीतला सार्वत्रिक समज ठरलेला होता : रविवारी काहीतरी उद्योग केले असतील! १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, भोंगे थांबले, आणि लालबाग-परळच्या चाळींत खोकणाऱ्या वृद्धांना नुकसानभरपाईच्या कायद्याने दिलेला हक्क मागण्यासाठी कोणत्या खात्यात किती वर्षे काम केले, इथपासून सिद्ध करण्याची वेळ आली. बिसिनोसिस कायद्याच्या परिशिष्टात होता. कामगाराच्या फुप्फुसाचा इतिहास मात्र कोठेच नव्हता.

वाईट बातमी वर जाते का?

कंपनीची आरोग्यसंस्कृती कशी ओळखावी? दवाखान्याची इमारत पाहून नव्हे. हेल्मेटांचा रंग पाहूनही नव्हे. एक साधी कसोटी आहे. तळातल्या कामगाराला झालेला त्रास सर्वोच्च अधिकाऱ्यापर्यंत किती दिवसांत पोहोचतो, आणि पोहोचविणाऱ्याचे पुढे काय होते?

या बाबतीत अमेरिकेतील ॲल्युमिनियम बनविणाऱ्या अल्कोआ कंपनीचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये पॉल ओनील तिचे प्रमुख झाले. गुंतवणूकदारांसमोरील पहिल्याच भाषणात त्यांनी नफा, बाजारपेठ, कर यांपैकी काहीही न बोलता कामगारांच्या सुरक्षेचा विषय काढला आणि एकही कामगार जायबंदी होऊ नये हे आपले उद्दिष्ट असल्याचे सांगितले. सभागृहात अस्वस्थता पसरली. कंपनी आता बुडणार, असा काहींचा निष्कर्ष झाला. सहा महिन्यांतच ॲरिझोनातील कारखान्यात बंद पडलेले यंत्र सुरू करण्याच्या खटपटीत एक तरुण कामगार मरण पावला. ओनील यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांना बोलावून सांगितले की हा माणूस आपण मारला आहे. पहिला दोष प्रमुख या नात्याने आपला आणि नंतर या खोलीतील प्रत्येकाचा. त्यानंतर दंडक पडला की, कोणालाही इजा झाली तर चोवीस तासांच्या आत विभागप्रमुखाने ते थेट कंपनीप्रमुखाला कळवावे आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून काय करणार, हेही त्याच वेळी सांगावे. विभागप्रमुखाला चोवीस तासांत उत्तर द्यायचे, तर त्याला ते फोरमनकडून त्याआधी हवे, आणि फोरमनला कामगाराकडून त्याहीआधी. दंडक एकच, पण त्याने माहितीची सगळी वाट मोकळी केली. ओनील आले तेव्हा दर शंभर कामगारांमागे वर्षाला १.८६ इजा अशा होत की कामाचा दिवस बुडावा. २००० पर्यंत हे प्रमाण ०.२ वर आले. कंपनीचा वार्षिक नफाही या काळात पाचपट झाला.

तथापि या कथेतील खरा उपयोगाचा भाग १९९६ सालचा आहे आणि तो आरोग्याशी निगडित आहे. मेक्सिकोतील एका शाखेत वायू साठून काही कामगार आजारी पडले. स्थानिक अधिकाऱ्यांनी कारण शोधले, वायुवीजनाची सोय केली, आजारी माणसे बरी झाली. सर्वसामान्य व्यवस्थापकाच्या मते प्रश्न सुटला. पण ही गोष्ट मुख्य कार्यालयाला कळविण्यात आली नव्हती. ती कळली भागधारकांच्या सभेत, कामगारांची बाजू मांडणाऱ्या एका जोगिणीच्या तोंडून. चौकशी झाली आणि त्या विभागाच्या प्रमुखाला पदावरून जावे लागले. तो कर्तबगार अधिकारी होता, त्याच्या विभागाचा व्यवसाय वाढलेला होता. त्याच्यावर ठपका आला तो बातमी दडविल्याचा, कारण जी गोष्ट एका शाखेने दडविली, ती दुसऱ्या शाखेला शिकता आली नाही.

याच्या उलट चित्र आपल्या देशाने पाहिले आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. १९८२ मध्ये कंपनीच्याच अमेरिकी तज्ज्ञांनी पाहणी करून गंभीर उणिवा नोंदविल्या. कामगार संघटनांनी धोक्याची पत्रके लावली. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी त्याच वर्षापासून शहराला इशारे देणारे लेख लिहिले. आणि जून १९८४ मध्ये विषारी रसायन थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा बंद करण्यात आली. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानची ती रात्र अकस्मात आलेली नव्हती. तिच्या आगमनाची वर्दी तीन वर्षे मिळत होती; घेणारा कोणी नव्हता.

नोंदवहीतला एक रकाना

आता आपल्या कारखान्याकडे येऊ या. मध्यम आकाराच्या कंपनीत एक प्रथमोपचार खोली असते, एक परिचारिका किंवा कंपाउंडर असतो, आठवड्यातून दोनदा डॉक्टर येतात. नोंदवहीत लिहिलेले असते : अमुक कामगार, खोकला, गोळ्या दिल्या. तमुक कामगार, डोके दुखणे, गोळी दिली. वर्षअखेर वही कपाटात जाते.

या वहीत 'विभाग' असा एक रकाना वाढवावा आणि महिन्यातून एकदा ती वही उत्पादन व्यवस्थापकाने उघडून पाहावी. फेटलिंगमधील चार जण एकाच महिन्यात खोकल्यासाठी आले. रंगकाम विभागातील तिघांना दुपारनंतर डोकेदुखी होते. प्लेटिंगमधल्या दोघांच्या हातांवर चट्टे आहेत. एकेकट्या नोंदीत जे दिसत नाही ते रकान्यात दिसते. याला खर्च पट्टी आणि पेन्सिलीचा. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांनी वैद्यांना सांगितले होते की, रुग्णाला विचारावयाच्या प्रश्नांत आणखी एक घाला : तू काम काय करतोस? तीनशेहून अधिक वर्षे झाली, आजही पुष्कळ दवाखान्यांत तो प्रश्न विचारला जात नाही.

रकान्याने दाखविलेल्या जागी मग उपाय करायचा तो मुळाशी. इथे क्रम महत्त्वाचा आहे. घातक पदार्थच टाळता येतो का, त्याऐवजी कमी घातक पदार्थ चालेल का, हे प्रथम पाहावे. नाही तर तो बंदिस्त करावा, उगमापाशीच शोषून घ्यावा, वाळू ओली करून धूळ उडूच देऊ नये. त्यानंतर कामाची वेळ आणि पाळ्यांची अदलाबदल. मुखपट्टी आणि कानांतील बोळे सर्वांत शेवटी, उरलेल्या धोक्यासाठी. आपल्याकडे हा क्रम बरोबर उलटा चालतो, कारण मुखपट्टी वाटताना छायाचित्र चांगले येते.

यंत्रणा बसविली म्हणजे काम झाले, असेही नाही. धूळ शोषणारा पंखा बसविला जातो, उद्घाटनाला नारळ फुटतो आणि वर्षभराने त्याच्या पिशव्या तुंबलेल्या असतात, पट्टा सैल असतो. कधी विजेच्या दुरुस्तीत तारा उलट जोडल्या जातात आणि पंखा उलटा फिरू लागतो. तो फिरताना दिसतो, आवाजही करतो, पण शोषण नाममात्र होते. त्याच्या तोंडाशी धुराची उदबत्ती धरून पाहणारा कोणी हवा. कॉम्प्रेसरच्या हवेच्या नळीने अंगावरचे कपडे झटकण्याची सवय तर बहुतेक कारखान्यांत आहे. सांडलेली धूळ त्याने पुन्हा हवेत जाते, आणि तीच सर्वांत बारीक असते. कामगाराला ती सवय सोडायला सांगताना फोरमनने स्वतः पाळी संपल्यावर ती नळी हातात घेऊ नये, हे ओघाने आले. कारखान्याच्या प्रमुखाने प्रेस शॉपमधून जाताना दोन मिनिटांसाठी का होईना, कानांत बोळे घातले तर त्याची नोंद शंभर डोळे घेतात. घातले नाहीत तरी घेतात.

खंडेनवमीला आपण यंत्रांची पूजा करतो. ती धुतली-पुसली जातात, हार चढतात. ही आपली फार सुंदर परंपरा आहे. शिवाय प्रत्येक यंत्राचा इतिहास सांगणारी पत्रिका त्याच्याशेजारी टांगलेली असते : तेल केव्हा घातले, बेअरिंग केव्हा बदलले, कंप किती आहे. ते यंत्र वीस वर्षे चालविणाऱ्या माणसाच्या श्रवणशक्तीचा आलेख कंपनीपाशी आहे का, हा प्रश्न त्या दिवशी विचारण्यास हरकत नसावी.

फलक, बक्षीस आणि दडपण

अनेक प्रवेशद्वारांवर 'अपघाताविना इतके दिवस' असा फलक असतो. हेतू स्तुत्य आहे. पण तो आकडा वाढला की विभागाला बक्षीस, अशी जोड दिली जाते तेव्हा विपरीत घडते. बोटाला टाके पडलेल्या कामगाराला सहकारीच विनवतात, 'दोन दिवस ये आणि बसून राहा, फलक पुसायला लावू नकोस.' आकडा टिकतो आणि माहिती मरते. बक्षीस द्यावयाचे असेल तर ते धोका कळविणाऱ्याला द्यावे. तेलाचा ओघळ, सैल झाकण, डोळे चुरचुरविणारा वास, ज्याने आधी सांगितले त्याला. थोडक्यात टळलेल्या घटनांची नोंद ज्या महिन्यात वाढते तो महिना चांगला मानावा, हे व्यवस्थापकांना पटायला वेळ लागतो.

याहून मोठे दडपण कंत्राटी कामगारावर असते. धुळीची, उष्णतेची, टाक्या साफ करण्याची कामे आज बहुधा कंत्राटदाराच्या माणसांकडे असतात. कायम कामगारांची वैद्यकीय तपासणी नीट होते आणि आकडे उत्तम दिसतात, कारण धोका आकड्यांच्या बाहेर पाठविलेला असतो. कंत्राट बदलते, माणूस तोच राहतो, त्याच शॉपमध्ये, नव्या कंत्राटदाराच्या हजेरीपटावर. आणि त्याची आधीची तपासणी जुन्या कंत्राटदाराच्या गठ्ठ्यात हरवते. त्याला त्रास सांगण्याची भीती वाटते, कारण उद्या प्रवेशद्वारावरचा पास मिळेलच याची खात्री नसते. आरोग्यसंस्कृतीची पहिली ओळ या माणसापासून लिहावी लागेल. त्याची नोंद मुख्य कंपनीने आपल्याकडे ठेवावी आणि एक प्रत त्याच्या हातात द्यावी.

कायदा आणि त्याच्या पुढे

भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. घातक प्रक्रियांत काम करणाऱ्यास धोक्याची माहिती मिळण्याचा हक्क, आरोग्याच्या नोंदी पाहण्याचा हक्क, सुरक्षा समितीत बरोबरीचे स्थान आणि आसन्न धोका दिसल्यास तो वरिष्ठांच्या नजरेस आणण्याचा हक्क तिने दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहिता २०२० लागू झाली आणि १९४८ च्या कारखाना कायद्याची जागा तिने घेतली. चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा विनामूल्य आरोग्यतपासणी ही नियोक्त्याची जबाबदारी असल्याचे सरकारने त्या वेळी सांगितले.

ही तपासणी कशाची, हे मात्र पाहिले पाहिजे. रक्तदाब, साखर आणि हृदयालेख यांच्या शिबिरात सिलिकोसिस सापडत नाही आणि बहिरेपणही सापडत नाही. धुळीत काम करणाऱ्याची फुप्फुसक्षमता आणि छातीचा क्ष-किरण, आवाजात काम करणाऱ्याची श्रवणचाचणी, शिशाच्या कामातील माणसाच्या रक्तातील शिसे; अशी जोखमीप्रमाणे तपासणी हवी. ती वाचण्यासाठी औद्योगिक आरोग्याचे शिक्षण घेतलेला डॉक्टर हवा. मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था आहे, अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे. त्यांच्या ज्ञानाचा लाभ घेण्यास कोणी मनाई केलेली नाही.

कायद्याची वाट न पाहता चालणारे उद्योजकही या भूमीत झाले. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू करणाऱ्या जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी काढला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. भरपाईचा कायदा हिंदुस्थानात आला १९२३ मध्ये, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ मध्येच आला. हे सारे करूनही ते उद्योग बुडाले नाहीत, हे 'परवडत नाही' असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. लघुउद्योजकाची अडचण खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण वसाहतीतील वीस कारखान्यांनी मिळून एक श्रवणचाचणीची खोली, एक प्रशिक्षित डॉक्टर आणि धूळ मोजण्याचा एक संच ठेवणे अशक्य नाही. त्याच वसाहतीत सगळे मिळून गणपती बसवतातच.

घरातील माता-भगिनींचा या विषयाशी संबंध काय, असे वाटेल. संबंध थेट आहे. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांत पाऊलही न ठेवलेल्या स्त्रियांना केवळ पतीचे कामाचे कपडे धुतल्याने असाध्य कर्करोग झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. शिशाची पूडही कपड्यांवरून घरातल्या मुलांपर्यंत पोहोचते. म्हणून कपडे बदलण्याची खोली, आंघोळीची सोय आणि गणवेश कारखान्यातच धुण्याची व्यवस्था या सुखसोयी नाहीत, ती आरोग्याची साधने आहेत. घरच्यांनी त्या मागाव्यात. आणि सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी कामावरून आलेल्या माणसाला जेवण वाढताना दम लागतो का, कानात शिट्टी वाजते का, हेही विचारावे. कंपनीच्या डॉक्टरला तो जे सांगत नाही ते घरी सांगतो.

शेवटी निवृत्तीचा दिवस. शाल, श्रीफळ, भाषणे, कधी सोन्याचे नाणे. १९८७ च्या त्याच दुरुस्तीने घातक काम सोडल्यानंतरही कामगाराची वर्षाच्या आत पुन्हा पुन्हा तपासणी व्हावी, अशी तरतूद केली होती. तिचे पालन किती ठिकाणी झाले, हे ज्याने त्याने आपल्या कंपनीत विचारून पाहावे. सत्काराच्या आदल्या आठवड्यात त्या कामगाराचा शेवटचा क्ष-किरण, शेवटची श्रवणचाचणी आणि कोणत्या विभागात किती वर्षे, कोणत्या धुळीत, कोणत्या आवाजात काम केले याचा तपशील एका फाइलमध्ये लावावा. शालीबरोबर ती फाइल त्याच्या हाती द्यावी, आणि पुढे कोणत्या दवाखान्यात, कोणाला दाखवायचे ते तिच्या पहिल्या पानावर लिहिलेले असावे.